गांडूळ, जास्वंद आणि मी : कोशकारांना खुले पत्र

प्रति,
मराठी शब्दकोशांचे व परिभाषाकोशांचे संपादक, आणि त्या कोशांवर विसंबून मजकूर छापणारे वृत्तपत्रांचे संपादक यांस



मी मुद्रितशोधक आहे. वीस-एकवीस वर्षं प्रुफं तपासतेय. तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमचे कोश माझ्या टेबलावर कायम उघडे असतात. लेखकाशी वाद झाला की मी त्यांच्याकडे बोट दाखवते. लेखक कितीही मोठा असो, ‘कोशात असं आहे’ म्हटलं की बहुधा गप्प बसतो. याच सवयीनं माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते, तक्रार मागाहून.

गोष्ट २००९ सालची. २ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रौढांमधले, संमतीचे, खासगीतले समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत. दिवाळी अंकांच्या संपादकांना आयता विषय मिळाला. मी काम करत होते त्या अंकात एका डॉक्टरांचा लेख होता. स्वच्छ, शांत लेख, कुठे आव नाही. स्त्रीविषयीही आणि पुरुषाविषयीही ओढ वाटणाऱ्या माणसांसाठी त्यांनी ‘उभयलैंगिक’ हा शब्द वापरला होता, अकरा वेळा. मी कोश उघडला. ‘उभयलैंगिक’ सापडला नाही, ‘उभयलिंगी’ सापडला. अकराही ठिकाणी ‘लैंगिक’वर काट मारली आणि समासात ‘लिंगी’ लिहिलं.

प्रुफं चाळताना संपादकांनी विचारलं, “हे सगळीकडे बदललंत. फरक असतो का हो काही?”

“नाही. एकच.”

फरक मला ठाऊक होता. चांगलाच ठाऊक होता, कारण डॉक्टर ज्यांच्याविषयी लिहीत होते त्यांतली मी एक आहे. पण फरक समजावून सांगायला लागले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता : तुम्हाला एवढं कसं माहीत? त्या प्रश्नाच्या भीतीनं मी कोशाआड लपले. लपायलाही तुमचा कोश उपयोगी पडतो, हे तुम्हाला कळवायला हवं.

अंक निघाला. आठवड्याभरानं डॉक्टरांचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती : ‘माझ्या लेखातली माणसं गांडूळ नाहीत.’

संपादकांना ती ओळ कळली नाही. मला कळली. ते कार्ड मी मागून घेतलं. अजून आहे.

‘उभयलिंगी’चा विग्रह करून बघा. उभय, म्हणजे दोन्ही, लिंगं आहेत ज्याला तो. शाळेत शिकलेला बहुव्रीही. गांडुळाच्या एकाच शरीरात नराचीही इंद्रियं असतात आणि मादीचीही. (तरी जुगायला त्यालाही दुसरं गांडूळ लागतंच, पण ते असो.) जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, म्हणून ते फूल उभयलिंगी. पपईचं फूल बहुधा एकलिंगी, म्हणून पपईचं झाड लावताना माणूस नर-मादीची चौकशी करतो. शब्द चोख आहे. ज्या वस्तूसाठी घडवला तिला तो बरोबर बसतो, आणि त्याला कुणी हात लावावा असं माझं म्हणणं नाही. पण तोच शब्द माणसाला लावला की तो त्याच्या शरीराविषयी बोलतो. या माणसात दोन्ही आहे, असं सांगतो. माझ्या शरीराचं आजवर एकाही डॉक्टरला नवल वाटलेलं नाही. माझ्यात जे काही ‘दोन्ही’ आहे ते शरीरात नाही, ओढीत आहे.

तुम्ही म्हणाल, मग ‘समलिंगी’ कसा चालतो? त्यातही लिंगच आहे. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आणि उत्तर व्याकरणातच मिळालं. सम आणि भिन्न हे नातं सांगणारे शब्द आहेत. सम कुणाशी? भिन्न कुणाहून? एकटा माणूस एकट्यापुरता समलिंगी असूच शकत नाही. समोर दुसरं कुणीतरी धरावंच लागतं. त्यामुळे ‘समलिंगी’ ऐकताच मन आपोआप दोघांचा विचार करतं. ‘उभय’ला दुसऱ्या माणसाची गरज नाही. तो एका देहात मावतो. कुणीतरी कधीतरी तिन्ही शब्द एका माळेत ओवले, समलिंगी, भिन्नलिंगी, उभयलिंगी. कानाला यमक जुळलं, आणि यमकाच्या नादात अर्थ निसटला.

हा निव्वळ शुद्धलेखनाचा प्रश्न असता तर मी खुलं पत्र लिहिलं नसतं. ऱ्हस्व-दीर्घासाठी मी इतकी भांडले आहे की त्याचा कंटाळा आलाय. हा शब्द दोन वेगवेगळ्या माणसांना एका खोलीत कोंडतो. काही बाळं जन्मतःच अशी येतात की त्यांचं शरीर ठरीव मुलगा किंवा ठरीव मुलगी या साच्यात बसत नाही. इंग्रजीत त्यांना इंटरसेक्स म्हणतात. त्यांचे प्रश्न शरीराचेच आहेत : जन्मदाखल्यावर काय लिहायचं, बाळाला काही कळायच्या आधी त्याच्यावर शस्त्रक्रिया करायची का. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१९ साली तमिळनाडूनं तान्ह्या बाळांवरच्या अशा अनावश्यक शस्त्रक्रियांना बंदी घातली. मराठी बातमीत ही माणसं ‘उभयलिंगी’ असतात. मीही ‘उभयलिंगी’ असते. त्यांच्या वाट्याची वैद्यकीय कुजबुज माझ्या वाट्याला येते, माझ्या वाट्याची प्रेमाबद्दलची शेरेबाजी त्यांना ऐकावी लागते, आणि वाचकाच्या डोक्यात तिसरंच काहीतरी, अर्धनारीनटेश्वराच्या कॅलेंडरसारखं चित्र उभं राहतं.

आता तुमची बाजू. ही चूक मुळात मराठीनं केलेली नाही. इंग्रजीतही ‘बायसेक्शुअल’चा आधीचा अर्थ गांडुळाचाच होता. कोलरिज या कवीनं १८२५ सालच्या एका पुस्तकात आदिमानव बायसेक्शुअल होता या पुरातन समजुतीचा उल्लेख केलाय, तेव्हा त्याला एकाच देहातले स्त्री-पुरुष अभिप्रेत आहेत. वनस्पतिशास्त्रात तर आजही त्याच अर्थानं तो शब्द चालतो. ओढीचा अर्थ त्याला उशिरा चिकटला. रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाचा ‘सायकोपॅथिया सेक्शुअ‍ॅलिस’ हा जर्मन ग्रंथ १८८६ साली निघाला. चार्ल्स गिल्बर्ट चॅडॉक या अमेरिकी डॉक्टरनं १८९२ साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. माणसाच्या ओढीसाठी ‘बायसेक्शुअल’ हा शब्द इंग्रजीत आणण्याचं श्रेय साधारणपणे या भाषांतराला देतात. म्हणजे हे काम एका भाषांतरकारानं केलं. फुलाचा शब्द उचलला आणि माणसाच्या मनाला लावला. तोही विकृतींची यादी देणाऱ्या ग्रंथात, त्यामुळे या नव्या अर्थाचा जन्मच दवाखान्यात झाला. पुढे १९०५ साली फ्रॉइडनं त्यात आणखी एक पदर घातला : प्रत्येकाच्या घडणीतच पुरुषपणा आणि स्त्रीपणा दोन्ही असतात, या अर्थी सगळेच मुळात बायसेक्शुअल. एका शब्दावर तीन मजले चढले. देह, मनोघडण आणि ओढ. मराठीत आपण भाषांतर केलं ते तळमजल्याचं, आणि पाटी लावली तिसऱ्या मजल्यावर.

या गोंधळाचा सर्वांत जास्त त्रास ज्याला झाला असेल तो माणूस माझा आवडता आहे. आल्फ्रेड किन्सी. त्याचा १९४८ सालचा पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा ग्रंथ आणि त्यातली शून्य ते सहाची मोजपट्टी पुष्कळांना ऐकून माहीत असते. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी, सहा म्हणजे केवळ समलिंगी, आणि मधल्या पाच आकड्यांवर बाकीची मिसळण. पण हा गृहस्थ मुळात कीटकशास्त्रज्ञ. झाडांवर गाठी करणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांचे लाखो नमुने त्यानं गोळा केले होते आणि एका माशीसारखी हुबेहूब दुसरी नसते हे त्यांच्याकडून शिकून तो माणसांकडे वळला. त्याला ‘बायसेक्शुअल’ हा शब्द खटकायचा आणि त्यानं ते त्या ग्रंथात लिहूनही ठेवलं. कारण तेच, पोस्टकार्डावरचं : जीवशास्त्रात या शब्दाचा अर्थ शरीरात दोन्ही इंद्रियं असलेला जीव असा होतो, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की दोघांची ओढ असणाऱ्याचं शरीरच काहीतरी अधलंमधलं असावं. माश्यांच्या माणसाला माणसांतला फरक दिसला होता.

इंग्रजी या कचाट्यातून सुटली ती वापरामुळे. माणसांनी तो शब्द स्वतःसाठी इतका वापरला की रस्त्यावरच्या बोलण्यातून फूल मागे पडलं. त्यात चळवळीचा हात मोठा. फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञानं १९७८ साली ‘द बायसेक्शुअल ऑप्शन’ हे पुस्तक लिहिलं आणि किन्सीची एकेरी पट्टी त्याला अपुरी वाटली. ओढ कुणाची वाटते, संबंध कुणाशी येतो, स्वप्नरंजन कुणाचं चालतं, जीव कुणावर जडतो, मैत्री कुणात रमते, माणूस स्वतःला काय म्हणवतो, हे सगळं वेगवेगळं मोजायला हवं, आणि कालचं, आजचं, मनातलं असं तिन्ही काळांत मोजायला हवं, असं त्याचं म्हणणं. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या मंडळींनी १९९० च्या सुमारास मासिक काढलं, त्याचं नाव ‘एनिथिंग दॅट मूव्ह्ज’. लोक टोमणा मारायचे की यांना हलणारं काहीही चालतं. त्यांनी टोमण्याचाच मथळा केला. बाय म्हणजे जगात दोनच लिंगं असं आम्ही मानत नाही, हेही त्यांनी तेव्हाच बजावून सांगितलं होतं. आज ‘बाय की पॅन’ (पॅनसेक्शुअल, म्हणजे लिंग न पाहता ओढ वाटणारे) यावरून तरुण मुलं तावातावानं भांडतात तेव्हा मला ते आठवतं. १९९८ साली मायकेल पेज यानं बायसेक्शुअल लोकांचा गुलाबी, जांभळा, निळा असा झेंडा काढला आणि पुढच्या वर्षापासून २३ सप्टेंबर हा त्यांचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात झाली.

व्याख्या म्हणाल तर रॉबिन ओक्स या अमेरिकी कार्यकर्तीनं केलेली आज बहुतेक ठिकाणी मानतात. तिचा आशय माझ्या शब्दांत असा : एकाहून जास्त लिंगांच्या व्यक्तींविषयी प्रेमाची किंवा शरीराची ओढ वाटू शकणं, मग ती एकाच वेळी असेल असं नाही, सारखीच असेल असं नाही, समसमान तर मुळीच असेल असं नाही. यातले तिन्ही नकार महत्त्वाचे आहेत, कारण लोकांचे तिन्ही गैरसमज त्यांत नेमके सापडतात. एकाच वेळी दोघं लागतात, दोघांवर सारखंच प्रेम असतं, आणि तराजूचा काटा मधोमध नसेल तर हे सगळं खोटं.

माझं आजोळ जतकडचं. आजीशी मी कानडीत बोलायचे, शाळेत मराठीत. लग्न होऊन पुण्याला आले, सासरी कानडीचं अक्षर कुणाला कळत नाही, वर्षानुवर्षं मी ती भाषा बोललेली नाही. तरी मला कुणी म्हणत नाही की आता तू एकभाषी झालीस. दोन्ही भाषा एकदम बोलून दाखव असंही कुणी म्हणत नाही. आणि ‘नीट ठरव, तुझी खरी भाषा कुठली’ असं विचारणारा भेटलाच तर त्याला सीमाभागातलं काही कळत नाही एवढाच अर्थ आपण काढतो. पण माणसांच्या बाबतीत नेमके हेच तीन प्रश्न मला विचारले गेलेत. कॉलेजात असताना माझं एका मुलीवर प्रेम होतं, साडेतीन वर्षं. नंतर नवऱ्यावर बसलं, ते एकोणीस वर्षं आहे. लग्नाआधी त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं चहा संपवला, बशी बाजूला सारली आणि विचारलं, “पण मी आवडतो ना?” त्याच्याइतका मुद्द्याचा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही. मैत्रिणी म्हणाल्या, लग्न झालं, म्हणजे ते सगळं संपलं. चळवळीतल्या एकीनं सांगितलं, तू सोयीची बाजू निवडलीस. सगळ्यांच्याच मते मी आता उभयलैंगिक राहिले नव्हते.

इथे आपल्या भाषेचा एक स्वभाव आड येतो आणि त्याला तुम्ही जबाबदार नाही. मराठीला ‘दोन’ आवडतात ते जोडीनं असले तर. आमंत्रणपत्रिकेत ‘उभयतांनी येण्याचे करावे’ लिहितो तेव्हा ‘उभय’ किती प्रसन्न असतो! उभयपक्षी मान्य, उभयान्वयी अव्यय, सगळीकडे तो सांधणारा. पण एकाच माणसात दोन आले की भाषा संशय घेते. दुटप्पी, दुतोंडी, दुहेरी. दोन्ही डगरींवर हात. धड ना इकडचा ना तिकडचा. आणि दोन्ही घरचा पाहुणा तर उपाशीच. बेडकाला बिचाऱ्याला आपण ‘उभयचर’ म्हटलं, ते मात्र निंदा म्हणून नव्हे. पाण्यातही चालतो, जमिनीवरही, एवढंच. ‘चर’ या क्रियेमुळे तो शब्द बरोबर बसला. बेडूक काय आहे हे त्यानं सांगितलं नाही, बेडूक कुठे कुठे वावरतो ते सांगितलं. आमच्या वाट्याला तेवढाही नेमका शब्द आला नाही.

साहित्यात पाहिलं तरी हेच. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ सालची. पुण्यातलं घर, भाऊ तनय, बहीण अनुजा, आणि त्यांच्याकडे राहायला आलेला पेइंग गेस्ट. दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. अर्धी कादंबरी भाऊ सांगतो, अर्धी बहीण. जेरी पिंटो यांचं इंग्रजी भाषांतर २०१३ साली आलं, २०२२ साली सिनेमा आला, आणि चर्चा बहुतेक वेळा भावाच्या समलिंगी प्रेमाभोवती फिरत राहिली. मला कादंबरी फार आवडते आणि तरी एक गोष्ट टोचते. ज्याच्यावरून हे सगळं घडतं, जो भावाचाही होतो आणि बहिणीचाही, त्याला नाव नाही आणि स्वतःचं प्रकरण नाही. तो येतो, दोन आयुष्यं ढवळतो आणि निघून जातो. लेखकाचा तो हक्कच आहे, आणि कादंबरी त्या पोकळीवरच उभी आहे. पण मराठीत स्त्री-पुरुष दोघांवर प्रेम करणारा इतका ठसठशीत माणूस मला दुसरा आठवत नाही, आणि नेमका तोच गप्प आहे. त्याला बोलायचं असतं तर त्यानं स्वतःसाठी कुठला शब्द वापरला असता? तुमच्या कोशातला?

मराठीला या विषयावर बोलताच येत नाही असं मात्र मी मानणार नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ साली जाईपर्यंत चालवलं. वाचकांचे खासगी प्रश्न ते छापायचे आणि सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून खटला भरला गेला तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शब्द नव्हते तेव्हाही ही माणसं बोलत होती. चुकीचा शब्द बदलायची सवयही आपल्याला आहे. इंग्रजी ‘सेक्स’ आणि ‘जेंडर’ दोन्हीला आपण ‘लिंग’च म्हणत होतो, स्त्रीवादी अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ आणला, सुरुवातीला मुद्रितशोधकांनी नाकं मुरडली (मीही), आज तो विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत असतो. ‘तृतीयपंथी’ रुळला, आता त्याच्या शेजारी ‘पारलिंगी’ येऊ पाहतोय. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टचं काम करता करता लैंगिकतेवर मराठीत पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ नावानं एक गट सुरू झाला, पुढे तो ‘लेबिया’ झाला, आणि त्या नावाची फोड होती ‘लेस्बियन्स अँड बायसेक्शुअल्स इन अ‍ॅक्शन’. म्हणजे हा शब्द मुंबईत दारावर लागून वीसेक वर्षं झाली. कोशाच्या दारात अजून फूल आणि गांडूळ बसलेलं आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. माझ्यासारखीच्या बाबतीत या दोन तारखांचा अर्थ असा निघतो की मी तीच, माझं मन तेच, पण एका प्रेमाला दाखला मिळतो आणि दुसऱ्याला नाही. त्यामुळे कागदावर मी कायम अर्धीच दिसते. बातमीदार जेव्हा निकालाची बातमी करताना ‘समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी’ अशी पटापट यादी टाकतो तेव्हा मधल्या शब्दाशी तो क्षणभरही थांबत नाही, कारण त्याला वाटतं तो कुठल्यातरी शारीरिक दोषाबद्दल आहे.

तमिळनाडूत काय झालं तेही पाहा. एका समलिंगी जोडप्याच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी आपल्याला हा विषय कळत नाही असं मोकळेपणानं मान्य करून २०२१ साली आधी समुपदेशकाकडे जाऊन तो समजून घेतला. मग प्रसारमाध्यमांनी आणि सरकारनं सन्मानाचे शब्द वापरावेत म्हणून आग्रह धरला, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारनं राजपत्रात शब्दसूचीच छापली. तमिळ कार्यकर्ते बायसेक्शुअलसाठी ‘इरुपालीर्प्पु’ म्हणतात. त्यातल्या ‘ईर्प्पु’चा अर्थ ओढ. त्यांनी शब्दातच ओढ घातली आणि देहाला वाट ठेवली नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. तमिळला तो २००४ सालीच मिळाला होता, हा योगायोग समजा हवं तर.

मग मराठीत काय म्हणावं? मी गेल्या काही वर्षांत जमवलेले शब्द तुमच्यापुढे ठेवते. ‘द्विलिंगी’ आणि ‘उभयलिंगी’ यांत कणभर फरक नाही, दोन्ही जास्वंदीचे. ‘उभयाकर्षी’ अर्थाला बरोबर, पण ऐकताना लोहचुंबक डोळ्यांपुढे येतो. ‘उभयप्रेमी’ गोड आहे, जरा जास्तच गोड. त्यातून शरीर पार पुसलं जातं आणि मला ते नको. ‘उभयलैंगिक’ म्हणताना जीभ थोडी अडखळते, पण ‘लैंगिक’ हा आता लैंगिकतेविषयीचा म्हणून रुळला आहे, लैंगिक शिक्षण, लैंगिक कल. त्यामुळे तो देहातल्या इंद्रियावर न थांबता ओढीपर्यंत पोहोचतो. डॉक्टरांनी निवडला होता तो बरोबर निवडला होता. छापील, औपचारिक मजकुरासाठी तोच असावा.

बोलण्यात मात्र तरुण मुलं ‘बाय’ म्हणतात आणि म्हणत राहतील. कोकणातल्या माझ्या एका मैत्रिणीनं आपल्या आजीला फोनवर धीर करून सांगितलं, “आजी, मी बाय आहे.” आजी म्हणाली, “बायच ना तू माझी.” हे भाषांतर मला कुठल्याच कोशात मिळालं नसतं. ‘बायसेक्शुअल’ देवनागरीत नोंदशब्द म्हणून घ्यायला लाजू नये. टेबल, डॉक्टर, तिकीट घेतले तसा तोही घ्या. माणसानं स्वतःला जे नाव लावून घेतलंय ते कोशानं नाकारायचं नसतं.

तेव्हा विनंती इतकीच. पुढच्या आवृत्तीत ‘उभयलिंगी’च्या नोंदीत फूल आणि प्राणी ठेवा, आणि ‘माणसासाठी हा शब्द वापरू नये, पाहा : उभयलैंगिक, इंटरसेक्स’ असा निर्देश द्या. ‘उभयलैंगिक’ ही वेगळी नोंद करा, समानार्थी म्हणून बायसेक्शुअल, बाय. अर्थ साधारण असा : ‘एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी प्रेमाची वा शारीरिक ओढ वाटू शकणारी (व्यक्ती), ही ओढ एकाच वेळी, एकाच प्रकारे वा सारख्या प्रमाणात असतेच असे नाही.’ एवढी नोंद तुमच्या तीन ओळींत बसते, मी मोजून पाहिलंय. ‘विकृती’, ‘दोष’, ‘व्यंग’ हे शब्द तिच्या जवळपास येऊ देऊ नका. वृत्तपत्रांच्या संपादकांना नव्या आवृत्तीची वाट पाहायची गरज नाही. आपापल्या कार्यालयातल्या शैलीपुस्तिकेत ही एक ओळ उद्या घालता येईल.

त्या डॉक्टरांना मी मध्यंतरी पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं की लेख त्यांच्या पुस्तकात येतोय आणि प्रुफं तपासायला त्यांनी माझं नाव सुचवलंय. अकराही ठिकाणी मूळ शब्द परत आला आहे, मी स्वतः पाहिलं. तुमच्या नव्या आवृत्तीची ‘उ’ची प्रुफं निघाली की तीही पाठवा. मानधन नको.

आपली,
एक मुद्रितशोधक
पुणे